गव्हाणे सरांची सत्तावीस

आमच्या गल्लीत डास फार होते, आणि सरांच्या घरात मच्छरदाणी एकच होती. ती तुरीला लावलेली असायची.

पुंडलिकनगरातल्या त्या घराच्या मागच्या अंगणात तुरीची थोडी झाडं होती. चार कोपऱ्यांत बांबू रोवून त्यांच्यावर दुहेरी पलंगाची पांढरी मच्छरदाणी ताणलेली असे, खालच्या कडा मातीत दाबून. आत तूर निवांत डुलत असायची. बाहेर ओट्यावर गव्हाणे सर आणि काकू बसलेले असायचे आणि बोलता बोलता आपापल्या पोटऱ्यांवर चापट्या मारत असायचे.

"माझ्या आईनं लग्नात दिलेली आहे ती," काकूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "आतून कशी दिसते, मला अजून माहीत नाही."

"डास चावला तर माणसाला ताप येतो," सर शांतपणे म्हणाले. "ताप उतरतो. मधमाशी तुरीवर बसली तर वाण बिघडतं. ते उतरत नाही."

सर तुरीचे पैदासकार होते. शहराबाहेरच्या एका संशोधन केंद्रावर ते तुरीची नवी वाणं तयार करायचे. मधमाशी या झाडाचा पराग त्या झाडावर नेते आणि बियाण्यात भेसळ होते, म्हणून जी झाडं फार मोलाची ती सर केंद्रावर न ठेवता घरी आणून लावत. आडनाव गव्हाणे असलं, तरी गव्हाशी त्यांचा संबंध पोळीपुरताच होता.

मी पाचोडच्या पुढच्या एका खेड्यातली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, सरांचं बियाणं प्रयोगासाठी आमच्या शेतात लावायचे. एकदा केंद्रावर गेले असता त्यांनी चाचरत विचारलं, "साहेब, पोरीला औरंगाबादेत कॉलेजात घातलंय. कुठं खोली भेटंल का?" सर म्हणाले, "खोली कशाला शोधता? आमच्याकडं बियाण्याची खोली आहे. बियाणं एका बाजूला सारू."

ते त्यांनी सारलंही. पण त्या खोलीत खरं राहणारं बियाणंच होतं. मी पाहुणी होते. दार उघडं टाकलं, ओला टॉवेल आत वाळत घातला, खिडकीत तांब्या ठेवला, की सर येऊन म्हणायचे, "सुमन, माहिती म्हणून विचारतो, आज खोलीत दमटपणा कशामुळं आहे?"

"माहिती म्हणून विचारतो" हे त्यांचं पालुपद होतं. कुणालाही काहीही विचारायचं असलं की ते आधी हे तीन शब्द टाकायचे. त्यांना वाटायचं की यामुळे समोरच्याला राग येत नाही.

सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी त्यांच्या हाताखाली काम करायचे. उद्या उमलणारी कळी आज हेरायची, बारीक चिमट्यानं तिच्या पाकळ्या सोडवायच्या, आतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. मग देठाला रंगीत दोरा. कोणत्या झाडाचा पराग, त्याप्रमाणे दोऱ्याचा रंग. दोरे काकूंच्या शिवणाच्या डब्यातले असायचे. काकूंच्या हिरव्या पोलक्याला लाल शिवण होती आणि लाल पोलक्याला पिवळी. कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "हिरवा तुरीला लागला."

कळीवर काम करताना सर श्वास रोखायचे. मलाही रोखायला लावायचे. "फूल दचकतं," म्हणायचे. वनस्पतिशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात असं लिहिलेलं मला सापडलं नाही, पण मी श्वास रोखला. आमच्यासारख्या मुलींना पहिल्या वर्षी कुठली गोष्ट शास्त्र आहे आणि कुठली सरांची आहे, हे विचारायचा धीर नसतो.

शेजारच्या देशमुख बाईंनी कुंपणाला हौसेनं तुरीची दोन झाडं लावली होती. सर जवळजवळ रोज त्यांच्या फाटकापाशी जायचे.

"बाई, माहिती म्हणून विचारतो, ही झाडं कधी काढणार?"

"शेंगा खाऊन झाल्यावर."

"त्याच्या आधी काढता येतील का? शेंगा मी आणून देतो. केंद्रावरच्या. मोठ्या असतात."

"का हो, सर? आमच्या झाडांमुळं तुमच्या झाडांचं सोवळं मोडतं का?"

"मोडतं," सर अगदी गंभीरपणे म्हणाले.

देशमुख बाईंनी ही गोष्ट गल्लीभर सांगितली. मी पाणी भरायला नळावर गेले की बायका विचारायच्या, "काय गं, तूरबाई बऱ्या आहेत का?" मी हसल्यासारखं करायचे. खरं सांगायचं तर मला सरांची लाज वाटायची. मी गावाकडून आलेली, चारचौघांत आधीच जीव मुठीत धरून वावरणारी. कुणाचं लक्ष आपल्याकडे जाऊ नये एवढीच माझी धडपड असायची, आणि मी राहत होते ते घर गल्लीतलं सगळ्यात जास्त लक्ष वेधणारं होतं.

सर शहागंजच्या बाजारात जायचे तेव्हा मी दोन पावलं मागे चालायचे. तिथं एका डाळीच्या दुकानात शिरून ते पोत्यांत कोपरापर्यंत हात घालायचे, दाणे तळहातावर पसरायचे, एकेक दाणा उन्हात धरायचे, आणि काहीच न घेता निघायचे. दुकानाचे मालक करीमभाई म्हणायचे, "साब, लेना तो कुछ नै, खाली हात डालना. कल से हात डालने का किराया लगता."

"करीमभाई, माहिती म्हणून विचारतो, ये माल किधर का?"

"आपके पीछे खडी है ना बिटिया, शरम से लाल हो गई. उसको पूछो, वो बोलेगी घर चलो."

लग्नाची गोष्ट तर सांगूच नये अशी आहे. काकूंच्या भाच्याचं लग्न होतं. पंगत बसली आणि सर दिसेनात. शोधायला गेले तर ते आचाऱ्याच्या मागं कोठीत, डाळीच्या पोत्यापुढं उकिडवे बसलेले. नव्या पोशाखाला हळद लागलेली. मुलीचे वडील हात जोडून विचारत होते, "काही कमी पडलं का पाहुण्यांना?" आणि सर म्हणत होते, "नाही नाही. माहिती म्हणून विचारतो, वाण कोणतं आहे हे?" त्या गृहस्थांना वाटलं, वरपक्षाला डाळ हलकी वाटली. दुपारपर्यंत दोन्हीकडच्या मंडळींत त्यावरून धुसफूस चालली होती. काकू परतीच्या वाटेवर सरांकडं पाठ करून बसल्या. सर मात्र रिक्षात स्वतःशीच म्हणाले, "दाणा बारीक होता."

आणि एवढं असून सर स्वतः तूर खात नसत. त्यांना पित्ताचा त्रास होता. तुरीचं वरण खाल्लं की छातीत जळजळायचं, म्हणून त्यांच्या घरी कित्येक वर्षं मुगाचंच वरण व्हायचं. मीही तेच खायचे. यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नाही. मिठाईवाला कुठं रोज मिठाई खातो, असं मी मनाशी म्हणायचे.

सरांच्या सगळ्या तुरींत एक तूर वेगळी होती. नव्या वाणांना मंजुरी मिळेपर्यंत नाव नसतं, नुसता नंबर असतो. हिचा नंबर सत्तावीस. सर तिला 'ती' म्हणायचे. "ती आज फुलावर आली." "तिला काल वारं लागलं, पण हलली नाही." तुरीला मर नावाचा रोग लागतो. उभं झाड बघता बघता वाळून जातं. सत्तावीसला मर लागत नव्हती. अळी तिच्या शेंगेत शिरत नव्हती. पाऊस महिनाभर दडी मारून बसला तरी ती तग धरायची, आणि दाणा टपोरा, तांबूस, चकचकीत. सरांच्या नोकरीची बहुतेक वर्षं तिच्यात गेली होती, आणि निवृत्ती जवळ आली होती.

गेल्या हंगामात ती आमच्या गावात पाच-सहा घरांनी लावली. दादांनी सगळी तूर सत्तावीसच केली. आजूबाजूची शेतं मरीनं काळी पडली आणि आमची हिरवीगार राहिली. दादा गावभर "माझी तूर, माझी तूर" करत फिरले आणि या वर्षी पुन्हा तिचीच पेरणी केली. आता मंजुरीसाठी वरून समिती येणार होती. समितीनं होकार दिला की सत्तावीसचं बियाणं सगळ्या मराठवाड्यात जाणार होतं. त्याआधी एकदा शेतकऱ्याच्या रानातली सत्तावीस डोळ्यांनी बघावी म्हणून सर आमच्या गावी यायला निघाले. दादांनी निरोप धाडला होता, "साहेबांना म्हणावं, जेवायलाच या."

"मी तिचं वरण खाणार आहे," सर निघताना म्हणाले.

"पित्त उठलं तर मला सांगत येऊ नका," काकू म्हणाल्या.

एसटीत मी घरात काय काय धड नाही ते मोजत होते. कॉलेजातलं, शहरातलं कुणी आजवर आमच्या घरी आलं नव्हतं. घराच्या भिंती मातीच्या, पुढं गुरांचा गोठा. बसायला खुर्ची एकच, तिचाही एक हात गेलेला. मी सरांना वाटेत दोनदा सांगितलं, "सर, आमच्याकडं तसं साधंच आहे." ते खिडकीतून शेजारच्या रानातली तूर बघत होते. "साधीच आहे," म्हणाले. "मर लागलीय."

रानात गेल्यावर ते दादांशी फारसं बोललेच नाहीत. ओळीओळीतून फिरले. शेंगांनी लगडलेल्या फांदीखाली तळहात धरून ती उचलून बघायचे आणि हळूच खाली सोडायचे. दादा मागून सांगत होते, "साहेब, तुराटीबी बघा कशी जाड हाय. कुडाला लई चांगली."

मी पुढं घरी आले. माय चुलीपुढं होती आणि शेजारची सखूमावशी भाकरी थापत होती. पातेल्यात वरण रटरटत होतं. पिवळंधमक, मऊ.

"झालं का? सर सत्तावीसचंच वरण खायला आलेत," मी म्हणाले.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"सुमे, दार लोट," माय म्हणाली. मी दार लोटलं. "हे सत्तावीसचं नाय. पाचोडच्या बाजारातली डाळ हाय ही."

"का?"

"ती शिजंना गं."

मला कळेना. माय चुलीकडंच बघून बोलत राहिली. "गेल्या सुगीपासून शिजंना. पयल्यांदा वाटलं, हिरीचं पाणी खारं झालं. मग दुसऱ्या हिरीचं आणलं. सरपण बदललं. तिच्याच तुराट्या तिच्याखाली जाळल्या, तरी नाय. उकळी येती, फेस येतो, पाणी आटतं, डाळ आपली हाय तशीच. बोटात धरली की टणक. तुझ्या दादांला काय सांगू? ते गावात मिरवतेत आन मी सांगू, मला वरण जमंना म्हणून? मंग काय, तिची भरडलेली डाळ बाजारात द्यायची आन दुसरी आणायची. वरीसभर हेच चाललंय."

"कुणालाच नाही सांगितलं?"

"कसं सांगावं? एवढी वरसं झाली चुलीम्होरं बसून. लाज वाटती." मग ती सखूमावशीकडं वळली. "आज पाव्हणे येणार, म्हणून हिच्याकडं गेले. म्हणलं, तुमची सत्तावीसची डाळ दे वाटीभर, तुझ्या हाताला शिजत असंल."

"आन म्या म्हणलं, अगं बाई, मीच तुझ्याकडं यायच्या बेतात होते," सखूमावशी म्हणाली. "माझी सासू मला काय म्हणाली माहितीये? तुझ्या हाताला चव नव्हतीच, आता शिजवायचंबी इसरली का? वरीस झालं, मीबी बाजाराचीच आणते."

दोघींना हसू आलं. मग एकदम दोघी गप्प झाल्या, कारण बाहेर सरांचा आवाज आला होता.

मी वाढायला होते. सरांनी वरणात बोट घातलं, डाळीचा एक दाणा अंगठ्यावर घेऊन दाबला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

"मारुतराव," ते दादांना म्हणाले, "मेणासारखी झालीय हो."

"साहेब, वरीसभर हीच खातो आम्ही," दादा छाती काढून म्हणाले. "दुसरी तोंडाला लागत नाय आता."

सरांनी दुसऱ्यांदा वरण घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. काहीतरी गोड गिळावं तसे डोळे मिटून ते भात खात होते. "इतकी वर्षं मी तिला बघतोय," ते म्हणाले, "पण चव नव्हती घेतली. वहिनींच्या हाताला तोड नाही. मारुतराव, मी ठरवलं. पुढच्या आठवड्यात समिती येते, त्यांना झाडं केंद्रावर दाखवतो आणि जेवायला इथं आणतो. हेच वरण त्यांना खाऊ घालायचं."

आतून पळी खाली पडल्याचा आवाज आला.

मी पातेलं हातात धरून उभी होते. सांगायला पाहिजे होतं. समिती हे बाजारचं वरण खाईल, मान डोलवेल, सत्तावीस गावोगाव जाईल, आणि मग कितीतरी घरांत कितीतरी बायका आपल्याच हाताला दोष देत चुलीपुढं गप्प बसतील. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. पण दादा एवढे खुशीत होते. आणि मायची लाज चारचौघांत मी कशी उघडी करू? मी म्हणाले, "भात वाढू का?"

पाचोडच्या स्टँडपर्यंत सर आणि मी चालत आलो. सर वाटभर बोलत होते. पित्तसुद्धा उठलं नाही, म्हणाले. ही बातमी काकूंना सांगायची त्यांना घाई झाली होती. औरंगाबादची गाडी येऊन लागली. सरांनी दांडीला हात घातला, एक पाय पायरीवर ठेवला, आणि तेव्हा मी म्हणाले, "सर, ते वरण बाजारातल्या डाळीचं होतं."

ते तसेच वळले.

"सत्तावीस शिजत नाही, सर. आईची नाही शिजत, सखूमावशीची नाही शिजत. त्यांना वाटतं त्यांचंच काहीतरी चुकतंय. म्हणून कुणी बोललं नाही."

"साहेब, चढता का?" कंडक्टर म्हणाला.

सरांनी पायरीवरचा पाय खाली घेतला. "जा तुम्ही," ते म्हणाले. गाडी गेली. ते मला रागावतील, निदान "माहिती म्हणून विचारतो" म्हणतील, असं वाटलं. पण ते गावाच्या वाटेला लागले, मी मागं येतेय की नाही हेही न बघता.

आम्ही परत आलेलं बघून मायनं ओळखलं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दाराआड उभी राहिली. "साहेब, चुकलं माझं," ती म्हणाली. "पाव्हण्याला खोटं वाढलं."

"वहिनी, तुम्ही चांगलंच वाढलंत. खोटं तर मी पेरलंय," सर म्हणाले. "सत्तावीस घाला चुलीवर. मला बघू द्या."

आणि ते सरळ आत येऊन चुलीपाशी पाटावर बसले. आमच्या स्वयंपाकघरात आजवर परका पुरुष आला नव्हता. माय डाळ धुताना आखडून गेली होती. दादा दारात उभे.

"मंग वरीसभर म्या काय खाल्लं?" त्यांनी मायला विचारलं.

"बाजारची."

"आन माझी कुठंय?"

"ती बाजारात."

दादा उंबऱ्यावरच खाली बसले.

डाळ उकळायला लागली. पाणी आटलं, मायनं पुन्हा घातलं. सखूमावशी आली. ती कुणाला तरी सांगून आली असावी, कारण मागून सत्तावीस लावलेल्या बाकीच्या घरांतल्या बायकाही आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग एकीनं हळूच सांगितलं, तिनं भांडं बदललं होतं. दुसरीनं रात्रभर भिजवून पाहिली होती. तिसरीनं चुलीची दृष्ट काढली होती. ही दृष्टीची गोष्ट निघाली तशा सगळ्या फसकन हसल्या, दृष्ट काढणारीसुद्धा. वर्षभर प्रत्येकीला वाटत होतं की गावात एकटीचंच बिघडलंय.

सर हसले नाहीत. ते प्रत्येकीचं ऐकत होते, मान खाली घालून, वर्गात उभं केलेल्या मुलासारखे.

"तुमच्या हातांचा दोष नाही," ते म्हणाले. "मी मर बघितली, अळी बघितली. उंची मोजली, दाण्याचं वजन केलं. डाळ शिजवून बघायची मला सुचलंच नाही. आमच्याकडं मूग असतो."

"तुमच्या मंडळींनी तरी एक डाव लावून बघायची, साहेब," सखूमावशी म्हणाली.

"मी बायकोला बियाण्याला हात लावू देत नाही."

मला सरांची आजवर पुष्कळदा लाज वाटली होती, गल्लीत, शहागंजात, त्या लग्नात. पण तेव्हा ते स्वतः कधी लाजले नव्हते. आता ते लाजले होते, आणि ते बघणं मला जास्त जड गेलं.

"मंग आता सत्तावीसचं काय?" दादांनी विचारलं.

"काय असणार? समितीला सांगतो, मंजूर करू नका."

"साहेब, पण झाड कसलं हाय तिचं."

"झाड चांगलं आहे," सर म्हणाले.

दिवस कलला तेव्हा त्यांनी पातेल्यातून एक दाणा काढून दातांखाली धरला. कट्ट असा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. ते म्हणाले, "वाढा, वहिनी."

"नका साहेब, पोटात दुखंल. गुरांना घालते मी."

"वाढा."

मायनं ताटलीत वाढलं. पाणी एकीकडं, डाळ एकीकडं. सर भाकरीशी ते खाऊ लागले, एकेक घास सावकाश चावत. मग कुणाला उद्देशून नाही, असं म्हणाले, "हिनं कशापुढंच मऊ पडू नये, एवढंच बघत आलो मी. ती तेच शिकली."

दादा उंबऱ्यावरून उठले आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले. "मलाबी वाढ," म्हणाले.

"तुम्हाला कशाला आता?"

"माझ्याच रानातली हाय ना?"

दोघं खाली बघून चावत राहिले. बायका एकेक करून निघून गेल्या. माय ताटलीकडं बघत बसली होती, आणि तिनं पुढं ओढलेला पदर जरा मागं घेतला. त्या दिवशी आम्ही गावातच मुक्काम केला.

पुढच्या आठवड्यात समिती आली. जेवणाचा बेत सरांनी रद्द केला होता. मला वाटलं होतं, ते त्यांना कार्यालयात बसवून शिजण्याचं सांगून टाकतील आणि विषय संपेल. तसं झालं नाही. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. समितीच्या साहेबांना घेऊन ते ऐन उन्हात केंद्रावरच्या सत्तावीसच्या रानात गेले. नमुन्यांची पिशवी घेऊन मी मागं होते. त्यांनी ओळ न् ओळ दाखवली. मर लागलेल्या तुरीशेजारी ही कशी उभी आहे ते दाखवलं. शेंग सोलून अळी नाही हे दाखवलं. दाणे साहेबांच्या हातावर ठेवले. इतकं नीट, इतकं हौसेनं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. समितीचे मुख्य साहेब खूश झाले. "गव्हाणे, उत्तम आहे," म्हणाले.

"हिची डाळ शिजत नाही," सर म्हणाले. "मंजुरी देऊ नका. मी लेखी देतो."

साहेबांनी हातातल्या दाण्यांकडं बघितलं, मग सरांकडं. साहेबांच्या कपाळावर उन्हानं घाम आला होता.

"हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो."

"मग एवढ्या उन्हात आम्हाला सगळं रान फिरवलंत कशासाठी?"

सरांनी जवळची एक फांदी तळहातावर उचलून धरली होती. ती सोडायला त्यांनी जरा वेळ घेतला.

"एकदा कुणीतरी बघावी तिला," ते म्हणाले, "म्हणून."